मनीमाऊचा मूत्रविकार आणि घरची जीवदया

मांजर दुखणे लपवते. त्यामुळे मूत्रविकाराची पहिली खूण घरच्यांना आजार म्हणून नव्हे, तर खोडी म्हणून दिसते. एरवी अंगणातल्या मातीत नेमाने जाणारी मनी एके दिवशी न्हाणीघराच्या फरशीवर, पायपुसण्यावर किंवा धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसते. जेमतेम चार थेंब पडतात, कधी त्यांना लालसर झाक असते. पाच मिनिटांत ती पुन्हा बसते, पुन्हा उठते, पोटाखालचा भाग चाटत राहते. घरातील कोणी तिला हुसकावते, कोणी फरशी फिनाइलने पुसते, आणि आठवड्याभरात सारे थांबले की प्रकरण विसरले जाते. दोन-तीन महिन्यांनी तेच पुन्हा सुरू होते. मांजराच्या मूत्रविकाराची ही वारंवारता ज्या घराने सोसली आहे, त्या घराला ठाऊक असते की हे दुखणे एका औषधाच्या बाटलीने संपणारे नाही.

पेण आणि रोहा ही दोन्ही गावे मांजरांना मानवणारी. पेणच्या खारेपाटातून येणारी मासळी, पोह्यांच्या गिरण्या, धान्याची दुकाने, रोह्यात कुंडलिकेच्या काठची जुनी कौलारू घरे. जिथे धान्य तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे मांजर, हा क्रम व्यापारी पेठेला नवा नाही. या पेठांतील जैन कुटुंबांत मांजर क्वचितच विकत आणले जाते. ते पावसात भिजत पायरीशी येते, वाटीभर दूध पिते आणि मग घरचेच होऊन जाते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. दारी आलेल्या जीवाला आसरा देणे एका क्षणाचे काम असते. त्याला जडलेले दुखणे सांभाळणे हे दहा-पंधरा वर्षांचे काम ठरू शकते.

आधी ओळखावी ती आणीबाणी

या विकाराचा विचार करताना सर्वप्रथम एक भेद मनात पक्का असावा. लघवी थोडी थोडी होणे वेगळे आणि मुळीच न होणे वेगळे. बोक्याचा मूत्रमार्ग भाटीच्या मूत्रमार्गापेक्षा लांब आणि टोकाशी फार अरुंद असतो. सूज, चिकट स्राव आणि सूक्ष्म खडे यांचे बूच त्यात बसले की मूत्राशय भरत राहतो, पण रिकामा होत नाही. मग मूत्रपिंडांचे काम अडते, रक्तात पोटॅशियम साठते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण अडथळा असलेला बोका एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होतो आणि उपचार न मिळाल्यास तिसऱ्या दिवसाच्या आसपास दगावू शकतो.

म्हणून जो बोका वारंवार बसतो, कुंथतो, केविलवाणे ओरडतो आणि ज्याच्या मातीच्या ट्रेमध्ये ओलावा दिसत नाही, त्याच्यासाठी सकाळची वाट पाहू नये. उलटी, अन्न सोडणे, अंग गार पडणे, कोपऱ्यात निपचित बसणे ही त्यापुढची लक्षणे होत. अनेक घरांत या कुंथण्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल किंवा तूप पाजले जाते आणि मोलाचे तास हातचे जातात. गोखरूचा काढा, जवाचे पाणी असे लघवी वाढवणारे घरगुती उपायही इथे घातक ठरतात, कारण वाट बंद असताना ते भरलेला मूत्राशय आणखी भरतात. पोटात टणक गोळा लागला तर तो दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये. मूत्राशय फुटू शकतो. आणि माणसांची वेदनाशामक गोळी तर कदापि देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते, कारण ते औषध पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात पुरेशी नसते.

अडलेल्या बोक्याला पशुवैद्य भूल देऊन बारीक नळी घालतात, मूत्राशय धुतात, शिरेतून सलाइन देतात आणि बहुधा काही दिवस दवाखान्यात ठेवतात. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा भार मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांचा असतो. मांजराला नळी घालण्याची, रक्ततपासणीची आणि रात्रभर देखरेखीची सोय तेथे असेलच असे गृहीत धरता येत नाही. पेणहून पनवेल सुमारे पस्तीस किलोमीटर. रोह्याहून पनवेल रेल्वेमार्गाने सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर. पुढे मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालयही सुरू झाले आहे. परंतु पावसाळ्यातल्या मध्यरात्री मुंबई-गोवा महामार्गाने निघणे म्हणजे काय, हे या भागातील माणसाला सांगावे लागत नाही.

या अंतराला उत्तर एकच, ते म्हणजे पूर्वतयारी. घरात बोका असेल तर आपल्या गावात आणि पनवेलला मांजरांवर उपचार करणारे पशुवैद्य कोण, त्यांच्यापैकी नळी कोण घालतात, रात्री फोन कोण उचलतात, याची चौकशी तो धडधाकट असतानाच करून ठेवावी. मांजर नेण्याची झाकणाची टोपली किंवा पिंजरा घरात असावा आणि तो माळ्यावर नव्हे, तर मांजराच्या नित्य वावराच्या जागी उघडा ठेवावा, म्हणजे ऐन वेळी त्यात शिरण्याची त्याला धास्ती वाटत नाही.

कारण एक नव्हे

अडथळ्याचा धोका टळला की दुसरा प्रश्न उभा राहतो : हे पुन्हा पुन्हा का होते? माणसाला लघवीची जळजळ झाली की जंतुसंसर्गाचा संशय येतो. मांजराचेही तेच असावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत जंतुसंसर्ग हे या लक्षणांचे कारण क्वचितच असते. वय दहाच्या पुढे गेलेल्या, मूत्रपिंड कमजोर झालेल्या किंवा मधुमेह जडलेल्या मांजरांत मात्र त्याचे प्रमाण वाढते.

निम्म्याहून अधिक मांजरांत तपासणीअंती ना जंतू सापडतात, ना खडा. मूत्राशयाचे अस्तर सुजलेले असते, रक्त येते, वेदना होतात, पण बोट ठेवावे असे कारण दिसत नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या विकाराचा अनेक वर्षे अभ्यास केला. या मांजरांचे दुखणे केवळ मूत्राशयाचे नसून ताणाला प्रतिसाद देणाऱ्या त्यांच्या साऱ्या शरीरयंत्रणेचे आहे, असे त्यांनी मांडले आणि २०११ मध्ये त्याला ‘पँडोरा सिंड्रोम’ असे नाव सुचवले. घरातील उलथापालथ, दुसऱ्या मांजराची दहशत, लपायला जागा नसणे, कोंडून राहणे यांचा परिणाम मूत्राशयावर होतो, ही गोष्ट त्यातून पुढे आली.

या प्रकारचा झटका बहुधा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. इथेच एक मोठी फसगत दडलेली आहे. तिसऱ्या दिवशी प्रतिजैविक सुरू केले आणि सहाव्या दिवशी आराम पडला की श्रेय औषधाला मिळते. पुढच्या वेळी तीच गोळी, तीच मात्रा. अशा रीतीने विनातपासणी दिलेली औषधे जंतूंना निगरगट्ट करतात आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहते. म्हणून वारंवार होणाऱ्या विकारात लघवीची तपासणी, शक्य असेल तेव्हा जंतूंचे कल्चर आणि पोटाचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी यांचा आग्रह घरच्यांनीच धरावा. वेदनाशामक औषध मात्र पशुवैद्याच्या सल्ल्याने अवश्य द्यावे. झटका आपोआप ओसरणार असला तरी तोवर ते जनावर कळा सोसत असते.

तिसरे कारण मूतखड्याचे. मांजरात मुख्यत्वे दोन प्रकारचे खडे होतात, स्ट्रुवाइट आणि कॅल्शियम ऑक्झालेट. स्ट्रुवाइट खडे अल्कधर्मी लघवीत बनतात आणि विशिष्ट आहाराने काही आठवड्यांत विरघळू शकतात. ऑक्झालेटचे खडे विरघळत नाहीत. ते बहुधा शस्त्रक्रियेने काढावे लागतात. म्हणूनच खडा कोणता हे जाणल्याशिवाय ‘खड्याचा आहार’ सुरू करणे निरर्थक. शेजारच्या मांजराला लागू पडलेला आहार आपल्या मांजराला उपयोगी पडेलच असे नाही.

पाणी : सर्वांत स्वस्त औषध

कारण कोणतेही असो, एक उपाय सर्वांना समान आहे, तो म्हणजे लघवी पातळ ठेवणे. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांतले रानमांजर. भक्ष्याच्या शरीरातील पाण्यावरच त्याचे भागत असे, म्हणून आजच्या मांजरालाही तहान मंद लागते आणि लघवी घट्ट होते. त्याच्या पोटात दिवसाला, दर किलो वजनामागे, अन्नातले धरून सुमारे पन्नास मिलिलिटर पाणी जायला हवे. चार किलोच्या मांजराला सुमारे दोनशे. कोरड्या दाणेदार खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के असते, ओल्या खाद्यात पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के. कोरड्याकडून ओल्या आहाराकडे वळणे हा बहुतेक आजारी मांजरांच्या बाबतीत सर्वांत परिणामकारक बदल ठरतो. तो आठ-पंधरा दिवसांत हळूहळू करावा. मांजराने हट्टाने दोन दिवस उपास केला तर त्याच्या यकृताला अपाय होतो.

पाण्याची भांडी एकाहून अधिक, पसरट, काठोकाठ भरलेली, रोज घासलेली आणि अन्नाच्या ताटलीपासून दूर ठेवावीत. काहींना माठाच्या थेंबांखालचे पाणी आवडते, काहींना नळाची बारीक धार. खारेपाटातील गावांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरकडे डोळे लावून बसावे लागते. त्या दिवसांत घराचे पाणी मोजून वापरताना मांजराची वाटी रिकामी राहणार नाही, हे घरातील एकाने नेमून घेतलेले बरे. बाजारात स्वस्त मिळणारे खारवलेले सुके मासे आसपासची मंडळी प्रेमाने मांजरापुढे टाकतात. त्यांत पाणी नाही आणि क्षार भरपूर, म्हणून मूत्रविकाराच्या मांजराला ते वर्ज्य समजावेत आणि शेजाऱ्यांनाही तसे नम्रपणे सांगावे.

पावसाळा, उत्सव आणि मांजराची जागा

कोकणातल्या मांजराचे शौचकूप म्हणजे परसदार. जून उजाडला की त्यावर पाणी फिरते. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परसातली कोरडी भुसभुशीत माती चार महिने दिसेनाशी होते. पाण्याला बिचकणारे मांजर उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरते आणि लघवी तुंबवून धरते. बाहेर जाणाऱ्या मांजरालाही पावसाळ्यापुरता घरात मातीचा ट्रे हवा. नियम असा की मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे अधिक. ट्रे मोठा असावा, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी किंवा येण्याजाण्याच्या वाटेत नसावा. त्यात चाळलेली कोरडी वाळू तीन-चार बोटे भरावी आणि दिवसातून किमान एकदा गोळे काढून टाकावेत. हे साफ करणे म्हणजे रोजची तपासणीच होय : गोळे किती, केवढे, कोणत्या रंगाचे, हे पाहणाऱ्याला झटका येण्याआधीच चाहूल लागते.

येथे आणखी एक भेद ओळखावा. नसबंदी न झालेला बोका शेपटी उभारून भिंतीवर किंवा दारावर फवारा मारतो. ती हद्दीची खूण असते आणि नसबंदीने ती बहुधा कमी होते. पण खाली बसून थेंब थेंब टाकणे हे दुखणे असते. दोहोंपैकी कशालाही मार हा इलाज नाही. शिक्षेने धास्ती वाढते आणि धास्तीने विकार बळावतो.

पेण तर गणेशमूर्तींचे माहेरघर. २०२३ मध्ये तेथील मूर्तींना भौगोलिक मानांकन मिळाले. श्रावण-भाद्रपदात कार्यशाळांची लगबग, टेंपोंची ये-जा, ढोल आणि फटाके यांनी गाव दुमदुमते. रोह्यात दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघते, पुढे दिवाळी येते. माणसांचा आनंद तो मांजराचा कल्लोळ. विकार जडलेल्या मांजरासाठी त्या दिवसांत आतल्या खोलीत कपाटावर किंवा पलंगाखाली एक अंधारी, मऊ, हक्काची जागा करावी. तेथेच पाणी आणि ट्रे ठेवावा. पाहुण्यांच्या मुलांना तेथे जाऊ देऊ नये. घराची रंगरंगोटी, बिऱ्हाड बदलणे, नवे मांजर आणणे हे प्रसंगही तेवढेच जपून हाताळावेत. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटे दोरी किंवा कापडी चेंडूने त्याच्याशी खेळणे हा औषधयोजनेचाच भाग समजावा.

ताटलीतला धर्मप्रश्न

जैन घरात या विकाराची सर्वांत अवघड बाजू अन्नाची आहे, आणि ती टाळून चालणार नाही. दूध-पोळी, दूध-भात हे दारच्या मांजराचे परंपरागत अन्न. परंतु कित्येक प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि पोळी-भातावर मांजर जगत असल्यासारखे दिसले तरी पोसले जात नाही. मांजर हे निसर्गतः मांसाहारी आहे. टॉरीन हे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. अ जीवनसत्त्व ते गाजर-भोपळ्यापासून तयार करू शकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्य पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, टॉरीनच्या अभावी मांजराचे हृदय प्रसरण पावून निकामी होते आणि वेळीच ते दिल्यास सावरते. त्यात वनस्पतिजन्य आहाराने लघवी अल्कधर्मी होण्याकडे कल राहतो, म्हणजे स्ट्रुवाइट खड्यांना अनुकूल भूमी मिळते. कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवलेले टॉरीन घातलेली संपूर्ण शाकाहारी खाद्येही काही देशांत मिळतात. परंतु ज्या मांजराला आधीच मूत्रविकार आहे, त्याच्यावर पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय आणि नियमित लघवीतपासणीशिवाय असा प्रयोग करणे धोक्याचे आहे.

श्रावकाचार सांगणाऱ्या ग्रंथांनी हिंस्र प्राणी पोसून त्यांच्यावर उपजीविका करणे वर्ज्य मानले आहे, ते उगाच नव्हे. एका जीवाचे पालन दुसऱ्या जीवांच्या हिंसेशी जोडले जाते, हे त्यांनी ओळखले होते. दुसरीकडे पीडित जीवाची अनुकंपा हाही श्रावकाचाच धर्म. १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगल उसळली, आणि पुढे १८३४ मध्ये शेठ मोतीशाह आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. ही परंपरा कोणताही प्राणी दयेबाहेर मानत नाही.

या दोन कर्तव्यांत कुटुंबापुढे प्रामाणिक वाटा तीन दिसतात. पहिली, मांजर घेण्याआधीच विचार करणे : त्याच्या प्रकृतीला लागणारे अन्न देणे जमणार नसेल, तर दारच्या जीवाला पाणी, आसरा आणि उपचार द्यावेत, पण पोसण्याचे घर दुसरे शोधून द्यावे. दुसरी, मांजर आधीच घरचे झाले असेल, तर त्याच्या अन्नाची व्यवस्था स्वयंपाकघराबाहेर, स्वतंत्र भांड्यांत, बंद पाकिटांतून करणे, किंवा मांसाहारी शेजाऱ्यांच्या साहाय्याने करणे. तिसरी, पशुवैद्याच्या सल्ल्याने मर्यादित पर्याय पारखून पाहणे आणि मांजराची प्रकृती ढासळताच त्याचा हट्ट सोडणे. कोणती वाट धरावी हे ज्याच्या त्याच्या घराने, आपल्या वडीलधाऱ्यांशी आणि गुरुजनांशी बोलून ठरवावे. मात्र दूध-पोळीवर ठेवलेले मांजर दर तीन महिन्यांनी रक्ताची लघवी करीत असेल, तर त्या घरात हिंसा टळली असे म्हणता येत नाही. तिची जागा फक्त बदललेली असते.

दीर्घ सोबत

हा विकार पुष्कळदा पूर्ण बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. ओला आहार, पाणी, स्वच्छ ट्रे आणि शांत कोपरा यांनी झटक्यांतले अंतर महिन्यांवरून वर्षांवर जाऊ शकते. वय वाढते तसे विनाकारण सुजणारे मूत्राशय अनेक मांजरांत निवळतही जाते. वारंवार अडणाऱ्या बोक्यासाठी मूत्रमार्गाचे तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. तिने अडथळ्याचा धोका पुष्कळ कमी होतो, तरी सुजेची प्रवृत्ती राहते आणि पुढे संसर्गाची शक्यता थोडी वाढते, हे निर्णयापूर्वी समजून घ्यावे.

घरात एक साधी वही ठेवावी. झटका कोणत्या तारखेला आला, त्या आठवड्यात घरात काय घडले, मांजराने काय खाल्ले, वजन किती भरले, कोणते औषध दिले, लघवीच्या तपासणीत काय निघाले, एवढेच तीत लिहावे. वर्षभराच्या नोंदी पाहून पशुवैद्याला जे कळते ते एका भेटीत कळत नाही. पावसाच्या पहिल्या आठवड्यात, पाहुणे आल्यावर, खाद्य बदलल्यावर असा काही क्रम त्यातून उलगडला, तर पुढच्या वर्षी जूनच्या आधीच ट्रे आणि वाळू घरात येते. घरातील लहान मुलांकडे ही वही सोपवावी. मुक्या जीवाचे दुखणे पाहून ओळखायला ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.